वाऱ्याचे पंचांग आणि राजपत्राची तारीख

पोंगल उलटून महिना-दीड महिना झाला की तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील पाल्कच्या उपसागराचा किनारा बदलू लागतो. ईशान्येकडून येणारा आणि लाटा थेट वाळूवर आणून आपटणारा वारा, ज्याला तेथील कोळी ‘वाडै’ म्हणतात, हळूहळू थकतो. तोवर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, नारळाच्या झापांनी झाकलेल्या लहान लाकडी होड्यांवरची झापे उतरतात. या होडीला तेथे ‘वत्तै’ म्हणतात. ती दोघातिघांची असते, उथळ पाण्यात चालते आणि अजूनही काही ठिकाणी केवळ शिडावर हाकली जाते. कोकणात पावसाळ्यासाठी होड्या शाकारून ठेवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. फरक इतकाच की तेथील पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि म्हणून हंगामाचा आरंभही वेगळ्या महिन्यात होतो.

होडी पाण्यात लोटण्यापूर्वीचे काम आठवडा-दोन आठवडे चालते. प्रथम ती कुशीवर कलती करून बुडाला चिकटलेले शिंपल्यांचे खडबडीत थर खरवडून काढतात. त्यानंतर तपासणी होते ती फळ्यांची. समुद्राच्या पाण्यातील एक किडा लाकडाला आतून पोखरतो. वरून फळी धडधाकट दिसते आणि बोटाने ठोकली तर पोकळ वाजते. जाणता माणूस डोळ्यांपेक्षा कानावर अधिक विश्वास ठेवतो. पोकळ निघालेली फळी बदलावी लागते, आणि खर्चाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो, कारण चांगले लाकूड दूरवरून येते आणि होडीचा सुतार आता दर गावात उरलेला नाही. दोन महिने उन्हात राहिल्याने फळ्या आक्रसलेल्या असतात, सांधे उघडे पडलेले असतात. त्यांत कापूस किंवा काथ्या ठोसून भरायचा, वरून तेलात उकळलेल्या राळेचा लेप द्यायचा. हा लेप घट्ट झाला तर तडकतो आणि पातळ राहिला तर उन्हात ओघळतो. त्याचे प्रमाण कोठे लिहिलेले नसते.

मग शीड. तमिळमध्ये ‘पाय’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, चटई आणि शीड. डोलकाठीला म्हणूनच ‘पाय्‌मरम्’ म्हणतात. आज शिडाला सुती कापड क्वचितच मिळते. खताच्या किंवा सिमेंटच्या विणलेल्या प्लास्टिकच्या गोण्या उसवून, एकमेकींना जोडून शीड शिवले जाते, आणि उन्हामुळे दोन-तीन हंगामांत त्याचा भुगा होऊ लागतो. ते अंगणात पसरायचे, फाटले असेल तेथे ठिगळ लावायचे, कडेची दोरी नव्याने ओवायची आणि तिरप्या परबाणाला बांधून पाहायचे. याखेरीज एक लांब फळी असते. ती होडीवर आडवी टाकून वाऱ्याच्या बाजूला बाहेर काढतात आणि एकजण तिच्या टोकाशी जाऊन बसतो. शिडाच्या ओढीने कलणाऱ्या होडीला त्याच्या देहाचे वजन सावरून धरते. वारा वाढला की तो आणखी पुढे सरकतो. या किनाऱ्यावरच्या मंदिरोत्सवांत शिडाच्या होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा हीच फळी प्रेक्षकांच्या कुतूहलाचा विषय होते. एरवी ती रोजच्या कामाचे अवजार असते. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी भारतीय नौकारचनांवरचा आपला प्रबंध 1920 मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी उपखंडाचा प्रत्येक किनारा आपापल्या घडणीच्या शिडाने ओळखू येई.

आज ते शीड सरकारी कागदावर शोधू लागले तर सापडत नाही.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या 2010 च्या गणनेत देशातील सागरी मासेमारी नौकांची संख्या 1,94,490 भरली. त्यांची विभागणी तीन रकान्यांत झाली: यांत्रिक 72,559, मोटार बसवलेल्या 71,313 आणि बिगर-मोटार 50,618. तिसऱ्या रकान्याचे नाव लक्षात घ्यावे. पहिल्या दोन रकान्यांतील नौका त्यांच्याजवळ काय आहे यावरून ओळखल्या जातात, आणि तिसऱ्यातील नौका काय नाही यावरून. वल्ह्याची डोंगी, चार ओंडके बांधलेले कट्टुमरम आणि डोलकाठी उभारलेली वत्तै, सारे त्या एका नकारात सामावले आहे. देशात आज नेमकी किती शिडे उभी आहेत हे या तक्त्यावरून कळू शकत नाही. ज्या गोष्टीला स्वतःचा रकाना नाही, तिच्यासाठी अर्थसंकल्पात शीर्षक तरी कोठून यावे?

हे कोणाच्या दुष्टाव्यातून घडलेले नाही. 1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात झालेल्या करारातून केरळच्या कोल्लमजवळ नींदकरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. तेव्हापासून भारतीय मत्स्यनीतीची दिशा एकच राहिली आहे: शिडाकडून यंत्राकडे. प्रथिनांची टंचाई आणि पुढे कोळंबीच्या निर्यातीतून मिळणारे परकीय चलन पाहता ती त्या काळी अगदी तर्कसंगत होती. 1980 च्या दशकात होडीच्या मागे बसवायच्या मोटारी आल्या. त्यानंतर 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी आली. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर हजारो कट्टुमरम फुटले, आणि मदतीच्या ओघात संस्थांनी आणि सरकारने फायबरच्या होड्या वाटल्या. देणाऱ्यांना मोजता येईल, छायाचित्रात दिसेल, अशी ती वस्तू होती. ही होडी मोटारीशिवाय फारशी उपयोगाची नसते. म्हणजे ज्या कुटुंबाची नौका आदल्या दिवसापर्यंत इंधनावाचून चालत होती, ते पुनर्वसनानंतर कायमचे इंधनाचे गिऱ्हाईक झाले. काही ठिकाणी नष्ट झालेल्यांहून अधिक होड्या वाटल्या गेल्याची चिंता त्याच काळात जाणकारांनी व्यक्त केली होती.

येथे स्मरणरंजनाचा मोह टाळायला हवा. कोळ्यांनी शीड सोडले ते कोणी फसवले म्हणून नव्हे. वारा पडला की शिडाची होडी तासन्‌तास जागीच राहते. वारा समोरून असेल तर घरी येण्यासाठी नागमोडी वळणे घेत दुप्पट-तिप्पट अंतर कापावे लागते. सकाळच्या लिलावाला उशिरा पोचलेल्या मासळीला भाव मिळत नाही. अंधारून आले तर मोटारवाला किनारा गाठतो, शीडवाल्याला शीड उतरवून वाट पाहावी लागते. ज्या तरुणाच्या वडिलांनी आयुष्यभर त्या फळीच्या टोकावर बसून अंग भिजवले, त्याला मोटार हवी असेल तर किनाऱ्यावर उभे राहून त्याला पर्यावरणाचे धडे देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

प्रश्न वेगळा आहे. जे आजही शिडावर आहेत, काही गरिबीमुळे, काही पाणी उथळ म्हणून, काही केवळ हिशेब पटतो म्हणून, त्यांच्याशी राज्यसंस्था कोणत्या भाषेत बोलते?

हंगामाचीच गोष्ट घ्या. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, असा 61 दिवसांचा मासेमारीबंदीचा काळ आहे. 2015 पूर्वी तो 47 दिवसांचा होता. केंद्राच्या आदेशात पारंपरिक बिनमोटारीच्या नौकांना या बंदीतून सूट आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे ‘हंगामाचा आरंभ’ या शब्दांना एकाच किनाऱ्यावर दोन अर्थ आले आहेत. रामेश्वरमच्या धक्क्यावर 14 जूनच्या रात्री बर्फ चढतो, डिझेल भरले जाते, आणि तारीख पालटताच शेकडो ट्रॉलर निघण्याच्या तयारीत असतात. त्या हंगामाची तारीख राजपत्रात आहे. वत्तैचा हंगाम वारा ठरवतो. रामनाथपुरमची भूमी समुद्रात घुसलेली असल्याने एका बाजूला पाल्कचा उपसागर आणि दुसऱ्या बाजूला मन्नारचे आखात आहे. वाडै वाहू लागला की पाल्कची बाजू खवळते. नैऋत्येचा ‘कच्चान’ सुरू झाला की मन्नारची बाजू खवळते आणि पाल्कची त्या मानाने शांत होते. पांबन बेटाच्या परिसरातील कोळी पिढ्यान्‌पिढ्या या हिशेबाने बाजू बदलत आले. एका अर्थी त्यांची मासेमारीबंदी निसर्गानेच घालून दिलेली होती, आणि ती मोडली तर शिक्षाही तोच देत असे.

अनुदानांचे चित्र याच्या उलट आहे. तामिळनाडूत यांत्रिक नौकांना ठरलेल्या कोट्यापर्यंत विक्रीकरमुक्त डिझेल मिळते, मोटारीच्या होड्यांसाठी सवलतीच्या रॉकेलची सोय आहे, आणि मोटार विकत घेण्यास साहाय्य आहे. साहाय्याचे प्रमाण इंधनाच्या प्रमाणात वाढते. जो काहीच जाळत नाही त्याच्या वाट्याला त्या हिशेबाने शून्य येते. 2020 मध्ये 20,050 कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा आराखडा घेऊन आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांसाठी नौका आणि जाळी यांची तरतूद आहे खरी, पण त्या घटकातला कळीचा शब्द ‘बदली’ हा आहे. जुनी होडी जाऊन नवी यावी, ही त्यामागची कल्पना. पोखरलेली फळी बदलून, राळ लावून, नवे शीड शिवून तीच होडी आणखी दहा वर्षे चालवणे ही गोष्ट योजनांच्या व्याकरणात नीट बसत नाही.

सुरक्षिततेचेही तसेच. नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस आलेल्या ओखी चक्रीवादळाने कन्याकुमारी आणि केरळच्या मच्छीमारांचे जे बळी घेतले, त्यांतून समुद्रात असलेल्या माणसापर्यंत इशारा पोचवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. त्या दिशेने एक मोठे पाऊल महाराष्ट्राच्याच भूमीवरून टाकले गेले: 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे पंतप्रधानांनी नौकांना उपग्रहाद्वारे जोडणाऱ्या यंत्रणेचा राष्ट्रीय आरंभ केला. तेरा किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत टप्प्याटप्प्याने एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवले जाणार आहेत, आणि ते यांत्रिक व मोटारीच्या नौकांवर. हा क्रम समजू शकतो, कारण दूर जाणाऱ्याला धोका अधिक. तरीही वादळात सर्वांत सावकाश परतणारी होडी शिडाचीच असते, हे वाक्य त्या योजनेच्या टिपणात कोणीतरी लिहायला हवे होते.

खरे तर या उपसागरात शीड टिकण्याला एक अगदी आजचे कारण आहे. हे पाणी उथळ आहे, तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत, आणि त्यांवर जगणारा समुद्री गाय म्हणून ओळखला जाणारा प्राणी, डुगाँग, याच पाण्यात उरला आहे. तामिळनाडू सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत 448 चौरस किलोमीटरचे देशातील पहिले डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. गवत न खरवडणारी, प्रोपेलर नसलेली आणि आवाज न करणारी नौका अशा पाण्यात कोणाला नको असेल? तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांपायी पाल्कच्या उपसागरात काय झाले, हे श्रीलंकेबरोबरच्या आपल्या न संपणाऱ्या वादातून रोज वाचायला मिळते. तामिळनाडूच्या 1983 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांचा पट्टा लहान नौकांसाठी राखून ठेवला. वत्तैचे सारे जग त्या तीन मैलांत आहे. ट्रॉलर आत आला की रात्री लावून ठेवलेली खेकड्यांची जाळी सकाळी सापडत नाहीत, आणि नुकसानभरपाई मागायला कोणाचा क्रमांक टिपावा हेही कळत नाही.

जीनिव्हात भारत एक युक्तिवाद सातत्याने करत आला आहे. जागतिक व्यापार संघटनेत मत्स्य-अनुदानांवर जून 2022 मध्ये करार झाला. त्यापूर्वी आणि त्यानंतरही आपल्या प्रतिनिधींनी सांगितले की आमचा मच्छीमार लहान आहे, निर्वाहापुरते पकडतो, श्रीमंत देशांच्या अवाढव्य ताफ्यांच्या रांगेत त्याला उभे करू नका. युक्तिवाद न्याय्य आहे. मात्र त्यातील सर्वांत लहान मच्छीमार किती, ते शिडावर चालतात की वल्ह्यावर, आणि त्यांच्या होडीची वार्षिक डागडुजी किती रुपयांत होते, हे विचारले गेले तर आपल्या शिष्टमंडळाने कोणता तक्ता पुढे करावा?

समुद्राची पहिली बारा सागरी मैले राज्यांच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या गणनेत शिडाला वेगळा रकाना, हंगामापूर्वी लाकडी नौकांच्या दुरुस्तीसाठी लहानशी थेट मदत, चांगल्या कापडाचे शीड, उरलेल्या सुतारांकडे चार शिकाऊ, आणि खिशात मावेल असे इशारा देणारे साधन, एवढ्यांचा खर्च बंदरांच्या एखाद्या मध्यम प्रकल्पाच्या तुलनेत किरकोळ ठरेल. मोटार हवी त्याला मोटार मिळू द्यावी. नको असलेल्याला केवळ तो मागत नाही म्हणून विसरू नये.

होडी पाण्यात लोटण्याचा दिवस बहुधा शुभ वार पाहून धरतात. नाळेला हळद-कुंकू लागते, लिंबू कापले जाते. ख्रिस्ती वस्तीत क्रूस आणि पवित्र पाणी असते. आठ-दहा जण खांदा देऊन ती ओंडक्यांवरून सरकवत नेतात. पाण्यात गेल्यावर मात्र ती लगेच निघत नाही. वाळलेल्या फळ्यांतून पाणी झिरपू लागते, आणि कितीही राळ लावली तरी पहिल्या दिवशी ते येतेच. दोघे आत बसून डब्याने पाणी उपसत राहतात. लाकूड फुगून सांधे मिटायला एक दिवस आणि रात्र जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे, जमिनीकडून वारा सुटला की, गोण्यांचे ते शीड वर चढते.