सेवेला गुण किती?

"मामा, सुटीत रुग्णालयात सेवा केली, तर डॉक्टरकीच्या प्रवेशाला उपयोग होईल?" भाचीने विचारले.

"अमेरिकेत होईल, तिथे अर्जात अशी सेवा पाहतात. आपल्याकडे 'नीट'चे गुण मोजतात. सेवेला भोपळा!"

तिचा चेहरा उतरला. मी तिला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकाकडे नेले. आमच्या सोलापूरचे हे सुपुत्र. डॉक्टर झाल्यावर १९३८ साली पाच जणांच्या भारतीय पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. वय अवघे ३२!

"त्यांना कुठे प्रवेश हवा होता?" मी म्हणालो.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "मी जाईन. रक्त पाहून घेरी येते का, एवढे तरी आधी कळेल!"

मराठीचा मास्तर मी. या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले.