छोट्या जेट इंजिनाची हिवाळी निगा

बंगळूरच्या हेब्बाळहून उत्तरेकडे निघाले, की जक्कूरची धावपट्टी व पुढे येलहंक्याचा हवाई तळ लागतो. 1996 पासून येलहंक्यास भरत आलेले विमानप्रदर्शन पाहून एखाद्यास जेट विमानांच्या प्रतिकृती उडविण्याचा छंद जडला, तर नवल नाही.

अशा प्रतिकृतीचे इंजिन दोन्ही हातांत मावते. तरी त्याचे चक्र मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेते. त्याच्या बेअरिंगांना वंगण मिळते, ते बहुधा घासलेटात मिसळलेल्या थोड्या तेलाचेच. इंजिन महिनोन्‌महिने पडून राहिले, की हे वंगण ओसरते आणि ओल पोलादास गंज चढविते. बंगळूरचा हिवाळा सौम्य खरा. पण पावसाळी ओल नोव्हेंबरातही रेंगाळते.

म्हणून शेवटच्या उड्डाणानंतर इंजिन पूर्ण निवू द्यावे, टाकी व नळ्या रित्या कराव्या, दोन्ही तोंडे झाकावी आणि ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ते बंद डब्यात ठेवावे. बॅटरी अर्धी भरून इंधनापासून दूर ठेवावी.

पुन्हा उडविण्यापूर्वी चक्र हलकेच फिरवून पाहावे. खरखर जाणवली, तर इंजिन चालू न करता निर्मात्याकडे धाडावे. कारण एवढ्या वेगात बेअरिंग निकामी झाले, तर यंत्राबरोबर माणसासही इजा होऊ शकते. उडविण्याइतकेच जपणे हेही या छंदाचे अंग आहे.