खेळ विंडोजचा, यंत्र लिनक्सचे

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. यंत्र तर चांगले आहे, ते टाकून कसे द्यावे? अशा वेळी कोणी त्यावर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घालतो. मग घरातल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : माझा खेळ चालेल का?

नुसती खेळाची फाइल उघडून तो चालत नाही. पण त्याचे कारण पुष्कळांना वाटते ते नव्हे. खेळ म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या लक्षावधी आज्ञा : ही संख्या त्या संख्येत मिळव, या दोहोंची तुलना कर. आता गंमत पाहा. प्रोसेसर तोच आहे! त्याला विंडोज ठाऊक नाही आणि लिनक्सही ठाऊक नाही. तेव्हा या आज्ञांचे भाषांतर करण्याची गरजच नाही.

अडते ते दुसरीकडे. फाइल उघडणे, आवाज काढणे, पडद्यावर चित्र उमटवणे ही कामे खेळ स्वतः करीत नाही. तो प्रणालीकडे मागणी करतो. विंडोजमध्ये फाइल हवी असेल तर ‘क्रिएट-फाइल’ या नावाने मागायची. लिनक्समध्ये त्याच कामाचे नाव ‘ओपन’. कचेरीच्या खिडकीवर तुम्ही पांढरा अर्ज दिलात आणि आतील कारकून फक्त पिवळा अर्ज घेतो, तसाच हा प्रकार.

या खिडकीत बसणारा मध्यस्थ म्हणजे ‘वाइन’ ही आज्ञावली. तो पांढरा अर्ज घेतो, पिवळा भरून आत देतो आणि उत्तर पुन्हा पांढऱ्या कागदावर बाहेर देतो. खेळाला वाटते, आपण विंडोजवरच आहोत. खेळाने ‘सी’ ड्राइव्ह मागितला, तर वाइन त्याला एक साधा फोल्डर दाखवते. विंडोज फाइलींच्या नावांत इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे सहसा एकच मानते, लिनक्स मानत नाही. म्हणून नाव जुळले नाही की वाइन सगळा फोल्डर धुंडाळते.

वाइनचे काम १९९३ मध्ये सुरू झाले. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याची धुरा वाहत आहेत. पहिली पक्की आवृत्ती निघाली २००८ मध्ये, म्हणजे १५ वर्षांनी! एवढा वेळ का लागावा? विंडोजची मूळ आज्ञावली मायक्रोसॉफ्टने बाहेर दिलेली नाही. म्हणून वाइनचे कार्यकर्ते छोट्या छोट्या चाचण्या लिहून खऱ्या विंडोजला प्रश्न विचारतात, तिचे उत्तर टिपून घेतात आणि वाइनकडून तेच उत्तर येते का ते पाहतात. निसर्गाची परीक्षा घेणारा शास्त्रज्ञ याहून निराळे काय करतो? आणि नक्कल चुकांचीही करावी लागते. कारण एखादा खेळ विंडोजच्या चुकीवरच विसंबून लिहिलेला असतो. चूक दुरुस्त केली की खेळ बंद!

सर्वांत अवघड होती ती चित्रे. विंडोजवरील बहुतेक खेळ ‘डायरेक्ट थ्री-डी’ या पद्धतीने चित्र मागतात. फिलिप रेबोले यांना ‘निअर : ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. त्या निमित्ताने त्यांनी या मागण्या ‘व्हल्कन’ पद्धतीत बदलणारी ‘डीएक्सव्हीके’ ही आज्ञावली लिहिली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॅल्व कंपनीने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र करून ‘प्रोटॉन’ आणले. २०२२ मध्ये आलेले तिचे ‘स्टीम डेक’ हे हातात मावणारे यंत्र लिनक्सवरच चालते, आणि त्यावरचे असंख्य खेळ मुळात विंडोजचे आहेत.

तरी सर्व खेळ चालतात असे समजू नका. काही सामूहिक खेळांत लबाडी पकडणारी आज्ञावली असते आणि ती विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसते. लिनक्समध्ये तो गाभाच नाही. खिडकीतला मध्यस्थ तेथे काय करणार? अशा खेळांच्या निर्मात्यांनी स्वतः सोय केली तरच ते चालतात.

एक प्रयोग करून पाहा. विंडोजच्या एखाद्या ‘ईएक्सई’ फाइलीची प्रत काढा आणि ती साध्या नोटपॅडमध्ये उघडा. सारा गोंधळ दिसेल, पण पहिली दोन अक्षरे इंग्रजी एम आणि झेड असतील. ती मायक्रोसॉफ्टचे अभियंता मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे. लिनक्सच्या आज्ञावलीत पहिल्या न दिसणाऱ्या चिन्हानंतर ई, एल, एफ अशी अक्षरे सापडतील. पाहून झाले की फाइल तशीच बंद करा. जतन केलीत तर ती बिघडेल.