घटनात्मक नीतिमत्ता आणि समलिंगी व्यक्तीची प्रतिष्ठा

१९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. वाचकांच्या त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. निकाल विरुद्ध गेला.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले की, घटनात्मक नीतिमत्ता उपजत नसते. ती जोपासावी लागते. याच तत्त्वाचा आधार घेत ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. २०२३ साली मात्र समलिंगी विवाहाचा हक्क मान्य झाला नाही.

कायदा शिक्षा थांबवितो. घरातील व वस्तीतील अवहेलना आपणच थांबवावयाची आहे. जन्मावरून हीन ठरविले जाणे आपण भोगले आहे. तेच दुःख आपल्या मुलाबाळांच्या वाट्यास आपल्या हातून येऊ नये. मैत्री कोणासही वगळीत नाही.