महानगरपालिका व जिल्हा परिषद शाळांसाठी सामायिक देखभाल केंद्र : अमरावती-अकोल्याच्या संदर्भात नियोजनाचा विचार

प्रस्तावना

अमेरिकेत शालेय जिल्हा ही नगरशासनापासून बहुधा स्वतंत्र अशी संस्था असते. तिचे मंडळ निवडून येते आणि तिचे करउत्पन्नही बहुतेक ठिकाणी वेगळे असते. त्यामुळे वाहनदुरुस्ती, भांडार व कारागीर यांसाठी शहराने आणि शालेय जिल्ह्याने एकच आवार वापरावे काय, हा तेथील नियोजनाचा परिचित प्रश्न आहे. महाराष्ट्रात अशी रचना नाही. येथे शहरी हद्दीतील प्राथमिक शिक्षण हे महानगरपालिकेचे कर्तव्य असून ग्रामीण भागात ही जबाबदारी १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे आहे. अमरावती महानगरपालिका १९८३ मध्ये आणि अकोला महानगरपालिका २००१ मध्ये अस्तित्वात आली. या दोन्ही शहरांतच त्या त्या जिल्हा परिषदेचे मुख्यालय आहे. एकाच गावात दोन संस्था, दोन बांधकाम यंत्रणा आणि दोन भांडारे, असे हे चित्र आहे. अकोल्याची हद्द २०१६ मध्ये वाढली व भोवतालची गावे शहरात आली. हद्दीची रेषा सरकल्याने छताची गळती मात्र थांबत नाही.

वऱ्हाडातील दुरुस्तीचे स्वरूप

येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया पुरेसा खोल नसल्यास भिंतींना तडे जातात आणि वरवरचे प्लास्टर टिकत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विंधन विहिरींचे पाणी क्षारयुक्त असल्याने लोखंडी नळ व मोटारी लवकर गंजतात. शाळेतील मोटार बंद पडली की पहिला परिणाम स्वच्छतागृहावर होतो आणि त्याची झळ प्रामुख्याने मुलींना पोचते. बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमाने (२००९) स्वतंत्र स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी हे शाळेचे आवश्यक निकष ठरविले आहेत. ते बांधून देणे एक, चालू ठेवणे दुसरे. गेल्या दोन दशकांत पहिल्याकडे जितके लक्ष गेले तितके दुसऱ्याकडे गेलेले नाही.

समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त अनुदान मिळते. १०१ ते २५० पट असल्यास ते ५०,००० रुपये असून किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावयाचे असतात. या रकमेतून खडू, वीजबिल व किरकोळ दुरुस्ती भागवावी लागते. वर्षभर तयार असणारा वीजतंत्री एकट्या शाळेला त्यातून ठेवता येणार नाही. पन्नास शाळा एकत्र आल्या तर तो ठेवता येईल.

घरचा दाखला

सामायिक देखभालीची कल्पना वऱ्हाडाला परकी नाही. जिल्हा परिषदेची हातपंप दुरुस्ती पथके याच तत्त्वावर चालत आली आहेत. ग्रामपंचायती वार्षिक वर्गणी भरतात. वाहन, सुटे भाग आणि कारागीर पथकाकडे असतात. या व्यवस्थेचे मर्म असे की, वर्गणी थकली की सुटे भाग संपतात, सुटे भाग संपले की हापसा बंद राहतो आणि बंद हापशासाठी वर्गणी कोणी देत नाही. शाळांसाठी केंद्र योजताना हे चक्र आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून खर्चाचे दोन भाग असावेत : आवार, भांडारपाल व वाहन यांचा स्थिर खर्च दोन्ही संस्थांनी अर्थसंकल्पात राखून ठेवावा आणि साहित्य व मजुरी प्रत्यक्ष कामानुसार आकारावी.

अग्रक्रमाचा पेच

खरी अडचण जागेची नसून वेळेची आहे. उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. छपराचे काम करण्यास मे महिना व जूनचा पूर्वार्ध हाच योग्य काळ. परंतु महानगरपालिकेची मान्सूनपूर्व नालेसफाईही याच दिवसांत चालते. आवार एक झाले, तर मनुष्यबळ नाल्याकडे जाईल आणि शाळा मागे राहील, ही शंका निराधार नाही. नाला तुंबला तर वस्तीत पाणी शिरते. शाळा गळली तर दोन वर्ग एका खोलीत बसतात. पहिल्याची ओरड लगेच होते, दुसऱ्याची होत नाही. यासाठी शाळांचे पथक करारानेच वेगळे ठेवावे आणि ते अन्यत्र वळविण्याचा अधिकार एकट्या शहर अभियंत्याकडे नसावा. शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी संमती आवश्यक असावी.

व्याप्ती व जागा

असे केंद्र सर्व जिल्ह्याला पुरणार नाही. अमरावती शहरातील आवारातून बडनेरा व लगतची गावे सहज हाताळता येतील. धारणी-चिखलदऱ्याच्या शाळांसाठी घाटरस्त्याने वाहन पाठविणे व्यर्थ ठरेल. मेळघाटाला तेथेच, पंचायत समितीच्या स्तरावर, छोटे भांडार हवे. शहरातील आवार शाळेच्या मैदानावर उभारण्याचा मोह टाळावा. डिझेल, रंग आणि अवजड वाहने यांना मुलांच्या वावरात स्थान नाही.

शेवटी नोंदींचा प्रश्न उरतो. जिल्हा परिषदेने घेतलेली मोटार महानगरपालिकेच्या शाळेत बसविली, तर ती कोणाच्या जडवस्तू नोंदवहीत दाखवावी? लेखापरीक्षणात अशाच बाबींवर आक्षेप निघतात आणि पुढील वर्षी अधिकारी परस्परांना साहित्य देण्याचे टाळतात. त्यासाठी केंद्राची स्वतंत्र साठा नोंदवही असावी, प्रत्येक वस्तूवर खरेदीदार संस्थेचा क्रमांक असावा आणि उसनवारीचा हिशेब दर तिमाहीस मिटविला जावा.