प्रश्न पाव मिलिमीटरचा

जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफलीचा झिजलेला भाग घरच्या लेथवर बनवता येईल का? अमेरिकेत हा छंद असणारे बरेच आहेत. स्क्रू, पिना, ट्रिगर गार्ड असे भाग कुशल हात नक्कीच बनवतो. खरी परीक्षा बोल्टपाशी, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यापाशी.

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश ‘ली-एनफील्ड नंबर ४’ घ्या. तिच्या .३०३ काडतुसाच्या बुडाला कड असते. बंद बोल्टचे तोंड आणि नळीची मागची बाजू यांच्यामध्ये ती कड बसते. या जागेला ‘हेडस्पेस’ म्हणतात. ती तपासायचे लष्करी गेज (मापक) होते ०.०६४ आणि ०.०७४ इंचांचे. पहिल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. फरक जेमतेम पाव मिलिमीटर! जागा कमी पडली तर बोल्ट मिटत नाही. जास्त झाली तर पितळी कवच ताणून फाटू शकते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो.

त्यावर कारखान्याचा तोडगा मला फार सुंदर वाटतो. बोल्टचे डोके वेगळे, आट्यांनी बसणारे आणि ० ते ३ अशा चार मापांत. शस्त्रागारातला कारागीर कानस न लावता योग्य माप निवडून बसवी.

माप जुळले तरी पोलादाचा प्रश्न उरतोच. दाब झेलणाऱ्या भागांचा पृष्ठभाग उष्णतेने कठीण केलेला असतो. तो कठीण थर घासला गेला की आतला मऊ धातू लवकर दबतो.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीची निर्मितीच नव्हे, दुरुस्तीही परवान्याविना गुन्हा आहे. म्हणून घरात वारशाने आलेली परवान्याची रायफल असेल, तर ती परवानाधारक कारागिराकडेच न्या.