चेरीचा फुलोरा आणि संत्र्याची भूमी

जपानातील चेरीच्या फुलोऱ्याची चित्रे पाहून तसे एखादे झाड आपल्या अंगणात असावे, असे कोणाला वाटणार नाही? पांढुर्णा आणि सौंसर हा तर संत्र्याच्या बागाइतीचा मुलूख. २०२३ साली छिंदवाड्यापासून तो वेगळा जिल्हा झाला, परंतु त्याची खरी ओळख बागांचीच. कलम बांधणाऱ्या हातांची येथे वाण नाही. तरीही रोपासाठी पैसा आणि उन्हाळ्यातले मोलाचे पाणी खर्ची घालण्यापूर्वी दोन प्रश्न विचारून घेणे बरे. चेरी म्हणून दाखविले जाते ते झाड खरोखर चेरीचे आहे काय? आणि असल्यास, ते या भूमीत फुलेल काय?

चेरी हे नाव आपल्याकडे फार सैलपणे वापरले जाते. केकवर बसविलेली लाल चेरी बहुधा साखरेत मुरविलेले करवंद असते. बार्बाडोस चेरी हे निराळ्याच कुळातले झुडूप. रस्त्याकडेला फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी होऊन जाणारा तबेबुया हाही चेरी नव्हे. त्याचे फूल कर्ण्याच्या आकाराचे, आणि त्याच्या पानाचे पाच भाग तळहाताच्या बोटांसारखे पसरलेले. गिरिपुष्पाचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे व शेंग चपटी. मे-जूनमध्ये फुलणारा गुलाबी कॅशिया हा तर आपल्या बहाव्याचाच भाऊबंद, त्याच्यासारख्याच दांडक्याएवढ्या शेंगा धरणारा.

खरी चेरी गुलाब, बदाम व आलुबुखार यांच्या कुळातील. तिचे पान साधे, फांदीवर एकाआड एक येणारे, करवती कडेचे असते. देठ पानाला मिळतो तेथे बहुधा दोन बारीक गाठी असतात. खोडाची साल गुळगुळीत, तांबूस-करडी असून तिच्यावर आडव्या रेघा उमटलेल्या दिसतात. फुले लांब देठांची, झुबक्याझुबक्याने येणारी. साध्या जातींत पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला लहानशी खाच. फळात एकच आठळी असते. झाडाला शेंग दिसली, की ते चेरीचे नव्हे, हे निश्चित समजावे.

आता दुसरा प्रश्न. चेरीची फुलकळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते आणि हिवाळाभर निजून राहते. शून्य ते सात अंशांच्या आसपासची थंडी कित्येक आठवडे मिळाल्यावाचून ती नीट जागी होत नाही. पांढुर्ण्याकडे पौषातल्या रात्री गार असतात खऱ्या, पण दिवस उबदार. तेवढ्याने कळीची झोप पुरी होत नाही. पुढे वैशाखाचा ताप, आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी काळी माती. या तिन्ही गोष्टी तिला मानवत नाहीत.

संत्र्याच्या बागाइतदाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. आंबिया बहारासाठी तो डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडून झाडाला ताण देतो. विश्रांतीवाचून बहार नाही, हे तो जाणतो. भेद एवढाच, की पाण्याचा ताण माणसाच्या हाती असतो, थंडीचा नसतो. कलमाचेही तसेच. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तद्वत जपानातील सोमेई-योशिनो ही प्रसिद्ध चेरी एकोणिसाव्या शतकापासून कलमानेच वाढविली गेली. तिची सर्व झाडे एकाच झाडाची प्रतिरूपे असल्यामुळे एका ठिकाणी ती जवळजवळ एकदमच फुलतात. टोकियोने १९१० साली वॉशिंग्टनला पाठविलेली दोन हजार झाडे किडीमुळे जाळावी लागली. १९१२ साली पाठविलेली ३,०२० झाडे मात्र रुजली, कारण तेथे त्यांना हवा तसा हिवाळा होता. भारतातही पद्मक नावाची रानचेरी हिमालयात आणि शिलाँगच्या डोंगरांत वाढते. शिलाँगला ती नोव्हेंबरात फुलते. पण ती उंचावरच्या गारव्याची रहिवासी आहे.

मग सातपुड्याच्या पायथ्याशी काय लावावे? कांचन लावावा. हिंदीत ज्याला कचनार म्हणतात तोच हा; दसऱ्याच्या आपट्याचा सख्खा आप्त, तसेच दुभंगलेले पान. वसंतात पाने जवळजवळ झडलेली असताना तो गुलाबी-जांभळ्या पाच पाकळ्यांच्या फुलांनी भरून जातो. उन्हाळ्यात शेंगा वाळल्या की ताजे बी काढून पावसाळ्याच्या आरंभी पिशव्यांत पेरावे. दुसऱ्या पावसाळ्यात दीड-दोन हात खोल खड्ड्यात कुजलेले शेणखत मिसळून रोप लावावे. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये.

संत्र्याच्या कुळाचे माहेरही पूर्व आशियातलेच. तो पाहुणा येथे घरचा झाला, कारण त्याला येथील हवापाणी मानवले. चेरीला ते मानवणार नाही, यात कोणाचा दोष नाही. झाड निवडताना फुलाचा रंग मागाहून पाहावा; त्याला कोणता हिवाळा लागतो, हे आधी विचारावे.